फायनलला गोलात कोण

गेल्या वर्षी ऑगस्टच्या शेवटच्या रविवारी मी घाटकोपरला बाबांकडे गेले, तेव्हा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर मॅचेस आधीच लिहून झाल्या होत्या.

हे काम माझं होतं. वीसेक वर्षं दर ऑगस्टला मी तीन रंगांची पेनं घेऊन त्या ओट्याशेजारी उभी राहायचे, बाबा मागे खुर्चीवर चहा पीत बसायचे आणि मी तारखांच्या चौकटींत बारीक अक्षरात लिहीत जायचे. लीगची मॅच निळ्यात, युरोपच्या कपाची लाल, आणि इंग्लंडातल्या दोन देशी कपांच्या मॅचेस जशा ठरतील तशा हिरव्यात. या वेळी सगळे रंग होते, शिवाय जिथे तीन-चार दिवसांत दोन मॅचेस येत होत्या तिथे पेन्सिलने गोल काढले होते. अक्षर मोठं, गोलसर. भावाच्या बायकोचं.

"बरा केल्यान ना तिना?" बाबा म्हणाले.

"हो. पण पेन्सिल कशाला?"

"ती म्हणता, ह्या दिवसांत टीम बदलूकच लागतली."

मी पिशवीतली माझी पेनं बाहेर काढलीच नाहीत.

आमचा क्लब इंग्लंडमधला. नाव सांगत नाही, कारण ते ऐकून निम्मे लोक हसतील आणि उरलेले भांडायला येतील. मी कॉलेजात असताना घरी केबल आली आणि शनिवारी संध्याकाळी तिकडच्या मॅचेस दिसायला लागल्या. बाबा परळच्या एका मिलमध्ये होते, मिलच्या टीमचे गोली. मिल बंद पडल्यावर विक्रोळीच्या एका छापखान्यात स्टोअरकीपर झाले, आणि आम्ही चाळ सोडून घाटकोपरला भटवाडीत आलो. फुटबॉल सुटला होता. टीव्हीवर तो परत दिसला तेव्हा बाबांनी पहिल्याच मॅचला खुर्ची पुढे ओढून घेतली. आईला त्यात रस नव्हता, धाकट्या भावाला क्रिकेट हवं असायचं. मग बाबांच्या शेजारी मी बसायला लागले.

बाबा फारसं बोलणारे नाहीत. माझं लग्न ठरलं तेव्हा, मला मुलगी झाली तेव्हा, आई गेली तेव्हाही आम्ही दोघं त्याबद्दल धड बोललो नाही. आम्ही फुटबॉलवर भांडलो. भांडण एकच होतं आणि वर्षानुवर्षं तेच होतं. मोठा क्लब एका मोसमात चार स्पर्धा खेळतो. लीग, युरोप, जुना कप आणि धाकटा कप. आठवड्याला दोन मॅचेस. मग प्रत्येक मॅचला तेच अकरा खेळवायचे की आलटूनपालटून? मी पहिल्यापासून रोटेशनच्या बाजूची. धाकट्या कपात राखीव खेळाडू उतरवा, मुख्य लोकांना विश्रांती द्या, नाहीतर मार्चमध्ये सगळ्यांचे पाय जातील. बाबा म्हणायचे, "चांगले अकरा असताना बाकीच्यांका कित्याक खेळवूचा? आम्ही मिलची पाळी करून खेळत होतव. कोण दमलो?" मी म्हणायचे, तुम्ही दोन दिवसांनी परत युरोपात जात नव्हतात. ते म्हणायचे, तुका काय कळता. असं चालायचं. लग्नानंतर मी बोरिवलीला गेले तरी शनिवारी संध्याकाळी फोनवर भांडायचे, आणि महिन्यातून दोन रविवार प्रत्यक्ष. बाबांनी एकदाही माझं म्हणणं मान्य केलं नाही. मला ते नकोही होतं. मान्य केलं असतं तर पुढच्या आठवड्यात काय बोललो असतो?

भावाचं लग्न उशिरा झालं, चाळिशीला टेकल्यावर. बायको कोल्हापूरची, वांद्र्याला एका कंपनीत कामाला, आठवड्यातले तीन दिवस घरून काम. पहिले सहा महिने ती मॅच चालू असताना चहा ठेवून आत निघून जायची. मला वाटलं, हिला काही कळत नाही. मी एकदा तिला ऑफसाइड समजावूनही सांगितलं, टेबलावर चमचे मांडून. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग एका शनिवारी, मॅच रंगात असताना, ती दाराशी उभी राहून म्हणाली, "बाबा, डावीकडचा बॅक संपलाय बघा. मागं पळायला लागल्यावर गुडघ्यावर हात ठेवतोय. काढा म्हणावं त्याला."

त्यानंतर पाचव्या मिनिटाला त्याच बाजूने आमच्यावर गोल झाला.

बाबांनी वळून तिच्याकडे पाहिलं. "तुका कसा कळला?"

"आमच्या कोल्हापुरात फुटबॉल म्हटलं की सगळं घरदार मैदानावर असतंय ओ," ती म्हणाली. "माझे दोन काका तालमीच्या फुटबॉल टीमकडनं खेळायचे. मी लहानपणी गोलामागं बसून मॅच बघायची."

"बस," बाबा म्हणाले, आणि दिवाणावर स्वतःच्या शेजारची उशी उचलून जागा केली. मी तिथेच होते, पलीकडच्या खुर्चीवर. माझ्यासाठी बाबांनी कधी उशी उचलली होती का, हे मी त्या क्षणी आठवून पाहिलं.

त्यानंतर सगळं फार पटापट झालं. आठवड्याच्या मधल्या मॅचेस आपल्याकडे अपरात्री असतात, म्हणून बाबा त्या सकाळी सातला रेकॉर्ड केलेल्या बघतात. तोवर कोणी निकाल सांगायचा नाही, हा घरचा कायदा. पूर्वी मॅच संपली की नऊच्या सुमारास ते मला फोन करायचे. मी एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते, नऊला नमुन्यांची गर्दी असते, तरी ग्लोव्ह काढून मी फोन घ्यायचे. आता फोन येईना. मी केला तर बाबा म्हणायचे, "होय गो, बघितला. आमचा बोलून झाला." आमचा म्हणजे त्यांचा आणि तिचा. सकाळी सात ते नऊ, ऑफिसचं काम सुरू व्हायच्या आधी, ती त्यांच्यासोबत चहा घेऊन बसत होती.

ऑक्टोबरात धाकट्या कपाच्या मॅचला आमच्या कोचने एकदम नऊ खेळाडू बदलले. राखीवांची टीमच म्हणा ना. गोलातही दुसरा गोलकीपर, जो एरवी वर्षभर बाकावर बसून असतो. मॅच रडतखडत बरोबरीत सुटली आणि पेनल्टीवर गेली. त्या दुसऱ्या गोलकीपरने दोन पेनल्ट्या अडवल्या आणि आम्ही जिंकलो. रविवारी मी गेले तेव्हा याच विषयावर बोलणं चाललं होतं. मी मनात म्हटलं, चला, आज बाबांना धरते.

मी तोंड उघडायच्या आत बाबा म्हणाले, "नऊ बदलल्यान ता बरोबर केल्यान. ती सांगता ता खरा आसा. चार-चार कप खेळूचे तर सगळ्यांका खेळवूकच होया. आणि बाकावरच्याका कधीतरी उभो केलो नाय तर तो खेळतलो कसो?"

"बाबा, हे मी तुम्हाला किती वर्षं सांगतेय."

"तू भांडतंस," बाबा शांतपणे म्हणाले. "ती सांगता."

ती मटार सोलत होती. तिने मान वर केली नाही, पण ती हसली असं मला वाटलं. कदाचित हसली नसेलही.

घरी येऊन मी हे नवऱ्याला सांगितलं. तो इस्त्री करत होता.

"जळतेस तू तिच्यावर," तो म्हणाला.

"कशावर जळू? तीन-चार वर्षांनी तिला कंटाळा येईल."

"बघ, म्हणजे तू वाटच बघतेयस."

मला राग आला, कारण ते खरं होतं. माझी मुलगी सतरा वर्षांची आहे, तिच्या मैत्रिणींमध्ये असले प्रकार चालतात तेव्हा मी तिला शहाणपण शिकवते. आणि मी स्वतः अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, मेट्रोत बसून, भावाच्या बायकोच्या चुका शोधत होते. एखाद्या लेखात वाचलेलं ती स्वतःचं म्हणून सांगते का, हे तपासत होते. एकदा तिने एका खेळाडूचं वय चुकीचं सांगितलं तर मी सगळ्यांदेखत दुरुस्त केलं. बाबा म्हणाले, "एका वर्षान काय होता?"

मग मी त्याहूनही विचित्र गोष्ट केली. मी बाजू बदलली. बाबा रोटेशनवाले झाले म्हटल्यावर ती आणि बाबा एकीकडे झाले, आणि मला त्या दोघांच्या मागे तिसरी म्हणून उभं राहायचं नव्हतं. मी बाबांचीच जुनी वाक्यं बोलायला लागले. चांगले अकरा असताना बाकीचे कशाला? सारखी टीम बदलली तर एकमेकांची सवय कशी होणार? मला वाटलं, आपलेच शब्द ऐकून बाबा परत माझ्याकडे येतील. बाबा ऐकायचे आणि तिला म्हणायचे, "सांग गो हिका." आणि ती सांगायची, कोणाच्या मांडीचा स्नायू दुखावलाय, कोण किती दिवसांत किती मॅच खेळलाय, आदराने, ताई म्हणून, आणि तिचं प्रत्येक वाक्य माझंच जुनं वाक्य असायचं.

एका शनिवारी मी मागाठाण्याहून मेट्रो धरून, गुंदवलीला पुलावरून दुसऱ्या मेट्रोला जाऊन, धावतपळत साडेसातला घरी पोचले. मॅच सुरू झालेली असणार म्हणून दारातच विचारलं, "स्कोअर?" टीव्ही बंद होता. बाबा हातात रिमोट घेऊन बसले होते.

"ती दूध आणूक गेली हा," ते म्हणाले. "ती येवंदे, मगे लावया."

पूर्वी ते माझ्यासाठी थांबायचे. मी पाणी प्यायचं निमित्त करून आत गेले आणि बराच वेळ नळाखाली ग्लास धरून उभी राहिले.

जानेवारीत जुना कप सुरू झाला. कोचने ठरवून टाकलं की या कपात प्रत्येक राउंडला दुसराच गोलकीपर खेळणार. लीगला आणि युरोपला पहिला. धाकटा कप डिसेंबरातच हातचा गेला होता, मार्चमध्ये युरोपातून आम्ही बाहेर पडलो, लीगमध्येही मागे राहिलो, पण या कपात पुढे पुढे जात राहिलो, आणि एप्रिलमध्ये सेमीफायनल जिंकून फायनलला पोचलो. त्या दुसऱ्या गोलकीपरने सेमीफायनलमध्ये असे दोन गोल वाचवले की भावानेसुद्धा मोबाइल खाली ठेवला.

आता प्रश्न एकच उरला होता, आणि फक्त आमच्या घरात नाही, सगळीकडे त्याचीच चर्चा होती. फायनलला गोलात कोण? इथवर आणणारा दुसरा, की पहिला, जो नक्कीच जास्त चांगला आहे?

पुढच्या रविवारी मी जेवायला गेले. तिने बांगड्याचं तिरफळ घातलेलं कालवण केलं होतं. हे माझ्या आईचं कालवण. मी कधी नीट शिकले नाही. बाबांनी तिला तोंडी सांगून सांगून ते करून घेतलं होतं, आणि तंतोतंत जमलं होतं. पहिल्या घासालाच माझा मूड गेला.

"मग काय, फायनलला कोण उभा राहतो?" भावाने विचारलं.

"दुसराच राहायला पाहिजे," ती म्हणाली. "जानेवारीपासनं सगळ्या राउंड त्यानंच काढल्यात. आता बाजूला बसवलं तर लई वाईट."

"वाईट काय त्यात?" मी म्हटलं. आवाज चढला होता, मला कळत होतं. "राखीव तो राखीवच. आधीच्या राउंडना खेळवला, ठीक आहे, हौस झाली. मोठ्या दिवशी ज्याची जागा आहे त्यानेच उभं राहायचं. दुसऱ्याने समजून घ्यावं. लायकीप्रमाणे त्याला मिळालंय."

बाबांचा हात ताटात थांबला. त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. उरलेला भात संपवला, ताट उचललं, हात धुतले आणि आपल्या खोलीत गेले. दार ओढून घेतलं. बाबा रविवारी दुपारी कधी दार लावत नाहीत.

"यांना काय झालं?" मी भावाला विचारलं. त्याने खांदे उडवले.

मी ताटं घेऊन आत गेले. ती ओट्याशी होती. तिने पाठमोरीच, हळू आवाजात विचारलं, "ताई, तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"काय?"

"बाबा दुसरे गोलकीपर होते ओ. मिलच्या टीमचे."

बाहेरच्या खोलीत भिंतीवर एक फोटो आहे. मिलची टीम, मध्ये कप, मागच्या ओळीत टोकाला बाबा. मी लहानपणापासून तो बघतेय. चाळीतल्या प्रत्येकाला, शाळेतल्या बाईंना, पुढे नवऱ्याला आणि मुलीला मी तो फोटो दाखवून सांगितलंय की माझ्या बाबांनी हा कप जिंकला.

तिने सांगितलं ते असं. त्या वर्षी पहिल्या गोलीचं बोट मोडलं होतं, म्हणून मिलच्या स्पर्धेत पहिल्या फेरीपासून बाबा उभे राहिले. टीम फायनलला गेली. बाबांनी गावी पत्र टाकलं. आजोबा, जे कधी कणकवलीच्या पुढे आले नव्हते, फायनल बघायला एस.टी.ने मुंबईला आले. मॅचच्या दिवशी सकाळी पहिला गोली पट्टी सोडून हजर झाला, आणि बाबांना बाकावर बसायला सांगितलं. आजोबा मॅचभर विचारत राहिले, तू कधी खेळणार? टीम जिंकली. सगळ्यांसोबत बाबांनी फोटो काढला. दुसऱ्या दिवशी आजोबा गावी परत गेले.

"तुला कोणी सांगितलं?"

"बाबांनीच. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला घेऊन गेले होते ना मी, तिथं बसलो होतो तेव्हा. मी आपलं विचारलं, फायनलमध्ये किती गोल अडवलेत? तर म्हणाले, एकही नाही."

हे मी कधी विचारलं नव्हतं. मी इतकी वर्षं फक्त सांगत सुटले होते. पण त्या क्षणी मला लाज वाटली नाही, किंवा लाजेच्याही वर काहीतरी दुसरं आलं. त्यांनी तिला सांगितलं. मला नाही, तिला.

"दोन वर्षं झाली तुला या घरात येऊन," मी म्हटलं, "आणि आता तू मला माझ्या बापाबद्दल सांगणार?"

तिने गॅस बंद केला. "सांगत नाही ओ ताई. तुम्हाला माहीत असेल असं वाटलं मला."

मी चपला घातल्या आणि निघाले. चहा ठेवलेला होता, तो घेतला नाही. बाबांच्या दारावर टकटक करावी असं वाटलं, पण तशीच जिना उतरले. घाटकोपर स्टेशनपर्यंत चालत मी तिच्याशी मनातल्या मनात भांडत होते. डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं तेव्हा मी म्हणाले होते, मला सुट्टी मिळत नाहीये, तू जाशील का. मीच तिला पाठवलं होतं.

दोन रविवार मी गेले नाही. घरच्या ग्रुपवर ती मॅचेसबद्दल लिहायची, बाबा अंगठा दाखवायचे, मी वाचून सोडून द्यायचे. नवऱ्याने एकदा विचारलं, घाटकोपर बंद का? मी म्हटलं, लॅबमध्ये काम आहे.

फायनलच्या आधीच्या गुरुवारी दुपारी बाबांचा फोन आला. मी रक्ताच्या नळ्यांवर लेबलं लावत होते.

"शनवारी येतलंस मां?" बाबांनी विचारलं.

"बघते."

"बघतंस काय? ये."

शनिवारी मी चारलाच पोचले, मॅचच्या साडेतीन तास आधी. ती भावासोबत बाजारात गेली होती. बाबा एकटेच गॅलरीत बसून पेपर वाचत होते. मी शेजारी स्टूल घेतलं आणि धीर जायच्या आत विचारलं.

"बाबा, मला का नाही सांगितलंत?"

कशाबद्दल, असं त्यांनी विचारलं नाही. पेपराची घडी घातली.

"तू पाच वर्षांचा पोर होतंस," ते म्हणाले. "चाळीत दारोदार सांगत फिरत होतंस, माझ्या बाबान कप जिंकलो म्हणान. तेव्हा तुका काय सांगूचा, बाबा बाकावर बसलो होतो म्हणान?"

"आणि नंतर?"

"नंतर तू मोठी झालंस. तरी सांगतच रवलंस. जावयबापूंका पण सांगितलंस, पहिल्याच दिवशी. तुझ्याकडसून ता कसा काढून घेवचा? तिका काय, तिना कधी ऐकूकच नव्हता. तिका सांगूक सोपा."

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही. माझ्यासाठी त्यांनी ही गोष्ट इतकी वर्षं गिळून ठेवली होती. पण त्याच वेळी आत कुठेतरी वाटत होतं की सोपं तरी मी का नव्हते? मी बाबांना म्हटलं, "मी त्या दिवशी जे बोलले..." बाबा म्हणाले, "तू तुझ्या टीमबद्दल बोललंस. माझ्याबद्दल खय बोललंस?" आणि त्यांनी पेपर परत उघडला.

ती आल्यावर मी आत गेले. ती पिशवीतून भाजी काढत होती. "मी फार वाकडं बोलले त्या दिवशी," मी म्हटलं.

"असू दे ओ." तिने माझ्या हातात कोथिंबिरीची जुडी दिली. "एवढी निवडून द्या. लाइनअप साडेसहाला येतंय, तोवर उरकू."

साडेसहाला लाइनअप आलं. तिने मोबाइलवर बघितलं आणि दोन्ही हात वर केले. गोलात दुसरा.

मी बाबांकडे बघत होते. आता ते काहीतरी बोलतील, किमान डोळे तरी पुसतील, असं मला वाटलं. बाबा नुसते "हां" म्हणाले आणि चष्मा पुसला, तोही धूळ होती म्हणून.

मॅच चांगली झाली नाही. दोन्ही टीम घाबरून खेळत होत्या. दुसऱ्या हाफमध्ये, संपायला दहाएक मिनिटं असताना, समोरच्यांना कॉर्नर मिळाला. आमचा गोलकीपर पुढे धावत आला, गर्दीत उडी मारली, आणि बॉल त्याच्या बोटांच्या वीतभर वरून मागे गेला. मागे गोल मोकळा होता. एक-शून्य. आम्ही हरलो.

शिट्टी झाली. मला बाबांकडे बघायची हिंमत होत नव्हती. एवढं सगळं ऐकल्यानंतर हे बघणं त्यांना कसं वाटत असेल?

"भायर इलो कित्याक तो?" बाबा कडाडले. "लाइनीवर ऱ्हवाक काय झाला होता? पयल्याक खेळवूक होयो होतो."

मी आणि ती, दोघी एकदमच त्यांच्याकडे वळलो.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही असं म्हणताय?"

"मगे काय म्हणू? फायनल आसा ती. पयलो आसतो तर तो बॉल दोन हातांत धरतो."

"त्यानंच इथपर्यंत आणलंय ओ!"

"आणल्यान, बरा केल्यान. फायनलक बसवूक होयो होतो. आमच्या फायनलक पयल्यान असेच दोन कॉर्नर धरल्यान. मी आसतंय तर..." ते थांबले, हात झटकला. "मी आसतंय तर खय काय झाला आसता, कोणाक ठावक?"

हे त्यांनी तिलाही सांगितलेलं नव्हतं. तिचा चेहरा बघूनच मला कळलं. म्हणजे आजोबा बाजूला बसून विचारत होते आणि बाबा मनात म्हणत होते की बरं झालं, पहिलाच गोलात उभा आहे. की तसं त्यांना नंतर, म्हातारपणी वाटायला लागलं? मी विचारलं नाही. मला एवढंच समजलं की मी त्यांच्या वतीने दोन आठवडे जे दुःख करत बसले होते ते पुरतं त्यांचं नव्हतं, आणि तिलाही ते पुरतं ठाऊक नव्हतं. त्याचा मला आनंद झाला. ही गोष्ट कबूल करायला बरी वाटत नाही, पण झाला.

मग मी म्हटलं, "चूक आहे हे, बाबा. एका कॉर्नरवरून माणूस ठरवायचा? फायनलला बसवायचाच होता तर जानेवारीत खेळवायचा कशाला? पुढच्या वर्षी कोणता राखीव जीव तोडून खेळेल मग?"

"तुका काय कळता," बाबा म्हणाले.

आठ-नऊ महिन्यांनी ऐकलं ते. मी खुर्ची पुढे ओढली. जेवण वाढेपर्यंत आम्ही तिघं भांडलो. ती माझ्या बाजूने होती, किंवा मी तिच्या. मध्येच बाबा तिला म्हणाले, "तू गप गो, तुकाव काय कळणा नाय." बरोबर त्याच सुरात, ज्यात ते फक्त माझ्याशी बोलतात, आणि मला परत टोचलं. ते अजून गेलेलं नाही आणि जाईल असं वाटत नाही. आता दोघींना तोच सूर वाटून घ्यावा लागणार.

त्या दिवशी मी तिथेच राहिले. रविवारी सकाळी निघाले तेव्हा तिला फुलं आणायची होती, म्हणून ती मेट्रोपर्यंत सोबत आली. जिन्याखाली थांबून तिने विचारलं, "ताई, बाबा आधी कसे होते ओ? म्हणजे मिल होती तेव्हा. माझ्याशी मॅचचंच बोलतात. बाकी काही बोलत नाहीत."

मला वाटलं होतं, तिच्याशी ते सगळं बोलतात.

मी तिला सांगितलं की मिल बंद झाल्यावर बाबा वर्षभर रोज सकाळी त्याच वेळेला डबा घेऊन घराबाहेर पडायचे, आणि आई डबा भरून द्यायची. ते पूर्वी स्वतःचे बूट स्वतः शिवायचे, हेही सांगितलं. ती मन लावून ऐकत होती. आणखी एक गोष्ट होती, आम्हा दोघांचीच, मी अकरा वर्षांची असताना परळच्या मैदानावरची. ती ओठांवर आली होती.

"अजून?" तिने विचारलं.

"अजून काही आठवत नाही," मी म्हटलं, आणि जिना चढायला लागले.